जायंट स्लॅलम सोडून स्की क्रॉसकडे वळावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 19, लहानपणापासून अल्पाइन स्कीइंग, मुख्य प्रकार जायंट स्लॅलम, म्हणजे गेटमधून वळत घड्याळाविरुद्ध एकट्याने उतरणं. गेले दोन हंगाम एफआयएसचे (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे; कमी तितके चांगले) गुण जागचे हललेले नाहीत, संघनिवडीत नाव येत नाही, आणि स्की क्रॉसच्या, म्हणजे चौघांनी एकाच वेळी उंचवटे, उड्या आणि वळणांच्या ट्रॅकवर करायच्या शर्यतीच्या, प्रशिक्षकांनी हंगामाअखेरच्या चाचणी शिबिराला बोलावलंय. वळावं का, उशीर झालाय का, यात किती वर्षं टिकता येतं आणि त्यावर पोट भरतं का?

वयाचं आधी मिटवून टाकू. उशीर झालेला नाही. या खेळातले बरेच मोठे स्पर्धक अल्पाइनमधूनच आले आहेत. ओफेली डेव्हिड 1994 च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये हंगेरीकडून अल्पाइनमध्ये उतरल्या होत्या. पुढे फ्रान्सकडून त्यांनी स्की क्रॉसचा विश्वचषक सलग सात हंगाम जिंकला आणि चाळिशीपर्यंत शर्यती केल्या. व्हँकुव्हरला 2010 मध्ये हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा पुरुषांचं कांस्य घेणारे नॉर्वेचे औदुन ग्रोनवोल्ड मुळात अल्पाइनचेच. महिलांचं रौप्य घेणाऱ्या हेड्डा बर्न्टसेन यांच्याकडे आधीपासून अल्पाइन जागतिक स्पर्धेतलं स्लॅलमचं पदक होतं.

मला तुमच्या प्रश्नात वयापेक्षा वेगळी गोष्ट दिसते. जायंट स्लॅलममध्ये अडकलेला वेग स्की क्रॉसमध्ये आपोआप मोकळा होईल, अशी आशा त्यात आहे. ती खरी ठरेल की नाही, हे गुण कशामुळे अडकले त्यावर अवलंबून आहे. कडक बर्फावर बाहेरची स्की धरत नाही, वळणाच्या शेवटी ती घसरते, असं असेल तर ते दुखणं इथेही सोबत येईल. वरच्या फळीतले सगळे स्की क्रॉसवाले उत्तम कार्व्हिंग करतात, म्हणजे न घसरता स्कीच्या कडेवर वळतात. पण उशिराचा बिब नंबर (म्हणजे उशिराने निघणं), आधीच्यांनी खणलेला कोर्स आणि पहिल्या रनला बरा तर दुसऱ्या रनला वाईट, अशी कहाणी असेल, सपाट भागात आणि उंचसखल जमिनीवर मात्र तुम्ही संघातल्या इतरांपेक्षा वेगवान असाल, तर शिबिराला नक्की जा. आतापर्यंतच्या शर्यतींचे विभागवार वेळ असतील तर काढून बघा. सपाट विभागात तुमचा क्रमांक एकूण क्रमांकापेक्षा सातत्याने वर असेल, तर ते माझ्या लेखी सगळ्यात बोलकं लक्षण आहे.

आता खेळाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. आधी घड्याळाविरुद्ध एकट्याने पात्रता फेरी. त्यातल्या वेळेवरून क्रमवारी लागते आणि चार-चार जणांच्या हीट, म्हणजे बाद पद्धतीच्या शर्यती, होतात. 32 जणांची जुळणी असेल तर पहिल्या हीटमध्ये क्रमांक 1, 16, 17 आणि 32 असतात. प्रत्येक हीटमधले पहिले दोघे पुढे जातात. उपांत्य फेरीतले पहिले दोघे मोठ्या अंतिम फेरीत आणि उरलेले छोट्या अंतिम फेरीत, म्हणजे पाचव्या ते आठव्या क्रमांकासाठी, उतरतात. जिंकणाऱ्याला पात्रता धरून पाच रन कराव्या लागतात, त्यातल्या चार एकाच दिवशी, काही वेळा मध्ये जेमतेम पाव तासाची उसंत. पात्रतेत पुढे असलेला स्टार्टचं गेट आधी निवडतो. म्हणजे एकट्याने वेगात जाणं हे तुमचं अल्पाइनचं भांडवल वाया जात नाही. फक्त तेवढ्यावर पदक मिळत नाही.

पदक ठरतं ते बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांत. पुढे असलेल्याला लाइन निवडता येते, त्याच्या वाटेत कोणी पडत नाही, कोणी अंगावर येत नाही. तिसऱ्या-चौथ्या जागेवरून पुढे यायचं तर दर वेळी धोका पत्करावा लागतो, आणि चार फेऱ्या तो पत्करला की एखादा अंगाशी येतोच. म्हणून स्टार्टवर मी बाकी कशाहीपेक्षा जास्त वेळ घालवायला लावतो.

अल्पाइनमध्ये काठ्या रोवून, आपल्याला हवं तेव्हा, घड्याळ सुरू करणाऱ्या कांडीला ढकलून निघायचं असतं. इथे चौघांसमोर फळी असते, दोन्ही बाजूंना पकडायला दांडे असतात, आणि ‘अटेन्शन’ म्हटल्यावर फळी नेमकी कधी पडेल हे माहीत नसतं. नवीन मुलं अंदाज बांधतात. अंदाज चुकला की स्कीची टोकं बंद फळीवर आदळतात, शरीर मागे येतं, आणि फळी पडते तेव्हा हात आधीच वाकलेले असतात, ओढायला काही उरलेलंच नसतं. फळी हलताना दिसली की प्रतिक्रिया द्यायची, आवाजाची वाट पाहायची नाही.

ओढण्याचा क्रम असा: हात जवळजवळ सरळ, नितंब मागे, वजन पावलांच्या मध्यावर, नजर फळीवर न ठेवता पहिल्या रोलरच्या (बर्फाच्या गोल उंचवट्याच्या) माथ्यावर. फळी हलली की आधी नितंब पुढे फेकायचे, मग पाठ आणि दंड, आणि दांडे शरीराच्या मागे जाईपर्यंत रेटत राहायचं. बहुतेकांची चूक अशी की ओढतात फक्त हातांनी. मग छाती पुढे जाते, पाय मागे राहतात, आणि पहिल्या रोलरला पोहोचेपर्यंत माणूस टाचांवर बसलेला असतो. तिथे गेलेला वेग पुढच्या सरळ भागात परत मिळत नाही.

सराव करताना एका सत्रात सहा ते आठ पूर्ण जोराचे स्टार्ट पुरतात, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. वीस-तीस केले की शेवटचे सगळे संथ होतात आणि शरीर तो संथपणाच शिकतं. पहिल्या रोलरवर फोटोसेल (प्रकाशकिरणाने वेळ टिपणारं यंत्र) लावून प्रत्येक स्टार्ट मोजा. उन्हाळ्यात जिममध्ये वजन लावून पुल-अप, रोइंगचे जड पण कमी आवर्तनांचे सेट, हिप थ्रस्ट आणि ट्रॅप-बार डेडलिफ्ट. अल्पाइनमधल्या मुलांचे पाय तयार असतात; दंड, पाठ आणि पकड मात्र अनेकदा कच्ची निघते. हा फरक भरून काढायला एक पूर्ण उन्हाळा लागतो, म्हणून पहिल्या हंगामात स्टार्टला मागे पडलात तर घाबरू नका. दुसऱ्या हंगामातही तेवढंच मागे पडत असाल, तर मात्र काळजी करा.

स्टार्टनंतर रोलर येतात. झोक्यावर उभं राहून झोका चढवताना आपण जे करतो तेच इथे करायचं: चढावर गुडघे पोटाकडे घेऊन जमीन गिळायची आणि उतारावर पाय सरळ करत जमीन दाबायची. दाब योग्य वेळी पडला तर काठी न मारता वेग वाढतो. वेळ चुकली तर रोलर तुम्हाला हवेत फेकतो. जमीन दाबायची संधी गेली, वर पुढच्या रोलरच्या चढणीवर आपटणं आलं. अल्पाइनची सवय असलेले बहुतेक जण उशीर करतात, कारण जायंट स्लॅलममध्ये दाब वळणासोबत हळूहळू वाढतो आणि इथे तो पाव सेकंदात द्यायचा असतो. यासाठी बर्फ लागत नाही. बीएमएक्सचा पंप ट्रॅक पेडल न मारता पूर्ण करा. जमायला लागलं की शरीराला वेळ कळली असं समजा. ज्या मुलांना हे पंप ट्रॅकवर जमत नाही, त्यांना बर्फावरच्या रोलरवर अचानक जमलेलं मी पाहिलेलं नाही.

मग वू-टँग: उभी भिंत चढायची, वरचा छोटा सपाट भाग, आणि पलीकडे तशीच उभी भिंत उतरायची. नवखे वर चढताना ताठ होतात आणि सपाट भाग ओलांडून हवेतच पलीकडे जातात. बरोबर पद्धत म्हणजे भिंतीवर चढतानाच पाय दुमडायचे, माथ्यावर डोक्याची उंची बदलू द्यायची नाही, आणि उतरत्या भिंतीच्या वरच्या टोकालाच स्की टेकवायच्या. चांगला स्पर्धक इथे एका स्कीची लांबी सहज कमावतो. प्रेक्षकांना ते दिसतही नाही.

जंपबद्दल एक गोष्ट शिबिरात कोणी नीट सांगेलच असं नाही, म्हणून इथे लिहितो. पाहणीच्या वेळी आणि पात्रतेत तुम्ही एकटे असता, आणि जंपवर किती वेगाने येता ते त्यावरून डोक्यात बसतं. हीटमध्ये दुसऱ्याच्या मागे असाल तर हवेचा अडसर कमी होतो आणि त्याच जंपवर तुम्ही जास्त वेगाने पोहोचता. टेकऑफवर नेहमीसारखी उसळी घेतलीत तर उतरत्या लँडिंगच्या पलीकडे, सपाटीवर पडाल. गुडघे जाण्याचं हे अगदी ओळखीचं कारण आहे. उपाय दोन. मागे असताना टेकऑफवर पाय दुमडून हवेतलं अंतर कमी करायचं. आणि सरावातच जोडीने रन करून ड्राफ्टमधल्या, म्हणजे दुसऱ्याच्या आडोशातल्या, वेगाची जाणीव करून घ्यायची. पाहणी करताना प्रत्येक जंपसाठी दोन खुणा ठरवा: एकटा असताना कुठे उतरायचं आणि मागे असताना काय वेगळं करायचं. हवेत थोडं मागे पडल्यासारखं वाटलं तर हात पुढे. टाचांवर उतरून उठायची धडपड करू नका, कारण बुटाचा मागचा भाग नडगीला पुढे ढकलतो आणि एसीएल (गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध) तिथेच तुटतो.

वळणं तुम्हाला ओळखीची वाटतील, पण लाइनचा विचार उलटा आहे. जायंट स्लॅलममध्ये सगळ्यात वेगवान लाइन एकच. स्की क्रॉसमध्ये पुढे असताना आतली बाजू झाकणारी लाइन थोडी संथ असली तरी योग्य ठरू शकते, आणि मागे असताना पुढच्याच्या पावलांवर पाऊल ठेवणं बहुधा चूक. कडेने उचललेल्या वळणात, ज्याला आम्ही बँक म्हणतो, मागून येणाऱ्याने शिरताना रुंद राहायचं, वळण उशिरा संपवायचं आणि बाहेर पडताना आतल्या बाजूने जास्त वेग घेऊन पुढच्या रोलरवर शेजारी यायचं. वळणाच्या तोंडाशी आत घुसणं सोपं दिसतं. पण तिथे तुम्ही बहुतेक वेळा दुसऱ्याला धडकता किंवा बाहेर फेकले जाता, आणि तेवढ्यात तिसरा दोघांना टाकून पुढे निघतो. ओव्हरटेक कुठे करायचा हे ट्रॅक बघताना दोन जागांपुरतं ठरवा. पाच जागा ठरवल्या तर एकही नीट होत नाही.

नियम लक्षात ठेवा. शर्यतीत अंग घासलं जाणं हे घडतंच, पण मुद्दाम ढकलणं, ओढणं, दुसऱ्याच्या वाटेत लाइन बदलून त्याला अडवणं याला शिक्षा आहे: हीटमध्ये शेवटचा क्रमांक, पिवळं कार्ड, गंभीर असेल तर लाल. आणि हे निर्णय नेहमी स्पष्ट नसतात. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या अंतिम फेरीत फॅनी स्मिथ यांना पिवळं कार्ड देऊन चौथ्या क्रमांकावर टाकलं आणि कांस्य डॅनिएला मायर यांना मिळालं. अपिलात निकाल फिरला, आणि शेवटी डिसेंबरमध्ये तडजोड होऊन दोघींनाही कांस्य मिळालं. तुमच्यासाठी यातला व्यावहारिक धडा एवढाच: कोपर आणि हात शरीराजवळ ठेवा. व्हिडिओवर पसरलेला हात ढकलल्यासारखाच दिसतो, मग तुम्ही तो तोल सांभाळायला पसरलेला असो.

फिनिश लाइन पहिल्यांदा ओलांडणारा शरीराचा किंवा साहित्याचा भाग मोजला जातो, म्हणून शेवटच्या दोन मीटरला पाय पुढे टाकतात. हा डाव सराव करूनच वापरा. सोची 2014 मध्ये एका पुरुषांच्या हीटमध्ये तिघे शेवटी पडले आणि घसरतच लाइन ओलांडून गेले. पुढे कोण जाणार हे फोटोवरून ठरवावं लागलं.

साहित्याचं लवकर आटोपतो. पहिल्या शिबिरासाठी काही विकत घेऊ नका. जायंट स्लॅलमच्या जुन्या, थोड्या मऊ झालेल्या स्की चालतात. फक्त बेस बेव्हल, म्हणजे तळाकडून कडेला दिलेला उतार, थोडा वाढवून 0.75 ते 1 अंशापर्यंत न्या, म्हणजे सपाट सरकताना स्की एजवर अडकणार नाही. साइड एज, म्हणजे बाजूची धार, 87 अंशांवर ठेवली तरी पुरतं. बूट एक पायरी मऊ असेल तर बरं, कारण रोलर गिळताना घोट्याला वाकायला जागा हवी. वॅक्समध्ये फ्लोरिन नको; 2023-24 च्या हंगामापासून एफआयएसच्या शर्यतींत त्यावर बंदी आहे आणि तपासणी होते. अंगाला चिकटणारा रेसिंग सूट इथे चालत नाही, ढगळ शर्ट-पँट लागते आणि तिचा ढगळपणा मोजला जातो. सोचीला पुरुषांची तिन्ही पदकं फ्रान्सने घेतल्यावर कॅनडा आणि स्लोव्हेनियाने त्यांच्या पँटच्या आकारावर आक्षेप घेतला होता. तक्रार मुदतीत झाली नाही म्हणून क्रीडा लवादाने तो फेटाळला. तेव्हा कपड्यांच्या नियमांना कमी लेखू नका.

इथवरचा मुद्दा एका वाक्यात: तुमच्याकडे कार्व्हिंग आणि एकट्याचा वेग आहे, नव्याने शिकायचंय ते स्टार्ट, दाबाची वेळ आणि गर्दीत डोकं चालवणं. पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात आणि दोन हंगामांत बसतात. तिसरी फक्त हीट करून येते. त्यामुळे वेळापत्रक ठरतं.

ढोबळ अंदाज द्यायचा तर पहिला हंगाम राष्ट्रीय शर्यती आणि एफआयएसच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धा. दुसरा-तिसरा कॉन्टिनेंटल कप: युरोपात युरोपा कप, उत्तर अमेरिकेत नॉर-अ‍ॅम. तिथे नियमितपणे उपांत्य फेरीत येऊ लागलात की विश्वचषकात जागा मागता येते. विश्वचषकात देशाला कोटा असतो, आणि इथेच अनेकांचं गणित चुकतं. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला प्रत्येकी 32, एका देशाचे जास्तीत जास्त चार. स्वित्झर्लंड, फ्रान्स, कॅनडा, स्वीडन किंवा ऑस्ट्रियासारख्या देशात तुमची खरी स्पर्धा जगाशी नसून स्वतःच्या संघातल्या पाचव्या-सहाव्या माणसाशी असते. छोट्या देशात जागा लवकर मिळते, पण प्रशिक्षक, वॅक्स करणारा माणूस आणि प्रवास यांची सोय स्वतःला करावी लागते. तुमचा देश कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर खरं तर त्यावर बरंच अवलंबून आहे.

गुणांचा तपशील माहीत असू द्या. विश्वचषकात पहिल्याला 100, दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 60, चौथ्याला 50. छोट्या अंतिम फेरीत जिंकणाऱ्याला म्हणजे पाचव्याला 45, आठव्याला 32. निराश होऊन छोट्या फेरीत अर्ध्या मनाने उतरणारे बरेच असतात. हंगामाच्या शेवटी कोट्यातली जागा अशा तेरा-तेरा गुणांवर जाते.

एक अडचण अल्पाइनवाल्यांच्या लक्षात येत नाही: पूर्ण स्की क्रॉस ट्रॅक वर्षात फार थोडे दिवस मिळतो. तो बांधायला यंत्रं, कित्येक दिवस आणि भरपूर बर्फ लागतो, आणि शर्यत संपली की अनेक ठिकाणी मोडतात. म्हणून शरद ऋतूत हिमनद्यांवर स्टार्टचा भाग आणि काही रोलर एवढाच सराव होतो, आणि जायंट स्लॅलमचं प्रशिक्षण वर्षभर चालूच राहतं. तुम्हाला वाटतंय की गेटमधून सुटका होईल. होणार नाही.

किती वर्षं टिकता येतं याचं उत्तर बहुतांशी गुडघ्यांवर आहे. ओफेली डेव्हिड अपवाद; पण तिशी ओलांडून वरच्या फळीत असणारे स्पर्धक इथे दुर्मिळ नाहीत, कारण गर्दीत डोकं चालवणं वयासोबत सुधारतं. करिअर मध्येच तुटतं ते दुखापतीने. कॅनडाच्या मारिएल थॉम्पसन यांचा गुडघा ऑक्टोबर 2017 मध्ये फाटला आणि फेब्रुवारीत त्या प्याँगचांगला उतरल्या. पुढे 2022 मध्ये त्यांनी रौप्यही मिळवलं. त्यांच्यामागे अख्खी वैद्यकीय यंत्रणा होती आणि समोर ऑलिंपिक होतं. तुम्ही एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत जंपवर जाऊ नका, आणि नऊ महिने झाले तरी दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के होईपर्यंत थांबा. दुखापत टाळण्यासाठी आठवड्यातून दोनदा हॅमस्ट्रिंगचं जड काम, विशेषतः नॉर्डिक कर्ल, आणि उंचीवरून उतरून एका पायावर स्थिर थांबण्याचा सराव. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून हंगामात पहिलं तेच बंद होतं, आणि गरज नेमकी तेव्हाच जास्त असते.

डोक्याला मार लागला तर त्या दिवसापुरतं स्कीइंग बंद, मग कितीही बरं वाटो. त्यानंतर पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, त्रास परत जाणवला तर एक पायरी मागे. या खेळात माणसं दगावली आहेत. कॅनडाचे निक झोरिचिच मार्च 2012 मध्ये ग्रिंडेलवाल्डच्या विश्वचषक शर्यतीत शेवटच्या जंपनंतर गेले. सोचीत कांस्य मिळवणाऱ्या अ‍ॅना होल्मलुंड यांना डिसेंबर 2016 मध्ये इनिखेनला सरावात मेंदूची गंभीर इजा झाली. घरच्यांशी बोलताना हे लपवू नका. विमा घेताना तर मुळीच नको, कारण बऱ्याच साध्या क्रीडा विम्यांतून स्पर्धात्मक शर्यती वगळलेल्या असतात. पॉलिसीतली अपवादांची यादी ओळ न ओळ वाचा.

पैशाचं सरळ सांगतो. बक्षिसांवर घर चालेल असे स्पर्धक मोजके. बाकीच्यांचं उत्पन्न चार ठिकाणांहून जुळवलेलं असतं: संघटनेचा भत्ता, हेल्मेटवरचा प्रायोजक, स्की कंपनीचं साहित्य आणि काही देशांत सरकारी नोकरी. इटली, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये लष्कर, पोलीस किंवा सीमाशुल्क विभाग खेळाडूंना पगारावर घेतात. कॅनडात सरकारी मासिक साहाय्य मिळतं. अशी जागा मिळाली तर करिअर टिकतं, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पैसा संपतो आणि माणूस चांगला होऊ लागलेला असतानाच खेळ सोडतो. म्हणून माझा आग्रह असा की शिक्षण थांबवू नका. हंगाम डिसेंबर ते मार्च असतो, एप्रिल ते ऑगस्ट अभ्यासाला बऱ्यापैकी वेळ निघतो. दुसऱ्या हंगामात गुडघा गेला तर हातात काहीतरी असेल.

आता चाचणी शिबिराचं. तिथे वेग दाखवायच्या नादात पहिल्याच दिवशी मोठ्या जंपवर जाऊ नका. प्रशिक्षक पहिले दोन दिवस तुमचा सरळ रेषेतला तोल, रोलरवरची डोक्याची उंची आणि सांगितलेली गोष्ट पुढच्या रनमध्ये बदलते का, एवढंच बघतात. चौघांच्या रनमध्ये मागे पडलात तर शेवटपर्यंत पूर्ण जोर लावा. पुढचे दोघे पडले की तुम्ही दुसरे, आणि हे या खेळात रोज घडतं. कोणी पडलं तर त्याच्या स्कीकडे न बघता मोकळ्या बर्फाकडे बघा, नजर जिथे जाते तिथेच शरीर जातं.

तुम्हीही त्यांना विचारा: पुढच्या हंगामात पूर्ण ट्रॅकवर नक्की किती दिवस मिळतील, स्टार्टचं गेट उन्हाळ्यात वापरता येईल का, संघातल्या किती जणांची गेल्या दोन वर्षांत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि खर्चातला कोणता भाग खेळाडूने भरायचा. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजा. आणि पहिल्या हंगामात जायंट स्लॅलमच्या शर्यती पूर्ण बंद करू नका. महिन्यातून एखादी करा. कार्व्हिंग धारदार राहतं, गुणही फार बिघडत नाहीत, आणि पुढच्या वसंतात दोन्ही बाजूंचे आकडे समोर ठेवून निर्णय घेता येतो.